सभापतीची ओटी

— नाही वो बाई, नाही गेली मोटार, उभ्या काहून झाल्या, बसा ना — थांबा, मले आधी दम घेऊ द्या. कापसाच्या पऱ्हाटीतून धावत आली मी, बांधाबांधानं, चपला एका हातात आन् कडेवर ही पोट्टी. शकुन, उतर खाली, बाईच्या ट्रंकेले मातीचे पाय नको लावू. हिचं नाक पाहा ना जरा, सकाळपासून गळून राहिलं — सर्दीच हाये ना? दुसरं काही नाही ना? बरं, तुमी म्हणता तं सर्दीच. कपाळ मले गरम लागते, पण मले सारंच गरम लागते. आमच्या घरी म्हणतात, वच्छले, पोरीले ताप नाही, तुह्या हातालेच हाये. सरका थोड्या, बसते मी पण. मोटारीची काळजी करू नका. कापसाच्या गाड्या निघाल्या जिनाकडे, त्या रस्ता देत नाहीत, त्याईच्या मागं मागं अमरावतीची मोटार बैलाच्या चालीनं येते.

आन् हे ध्यानात घ्या — मी आली ते ग्रामपंचायतीची मेंबर म्हणून आली, शालिकराम माळ्याची बायको म्हणून नाही. बायकोले एवढं धावाची काय गरज? बायको वांगे तोडून राहिली होती. ललिता आली सांगत का परुळेकर नर्सबाईनं क्वार्टरले कुलूप लावलं आन् ट्रंक घेऊन फाट्यावर गेल्या — आन् मी वांग्याची पाटी बांधावर टाकून निघाली. आता सासू काय म्हणन ते म्हणो. बदली मागाले चालल्या ना? नका सांगू, दिसते. बदलीले निघालेलं माणूस छत्री अशी धरते, दोन्ही हातानं, जशी कोणी हिसकून घेईन.

मले एक सांगा, आमच्या बोलण्याचा राग हाये का? तसं असंन तं चूक आमची हाये, आन् नाही पण. तुमी कोकणातल्या. तुमच्या तिकडे म्हणे दारात माणूस आलं का या, बसा, पाणी घ्या, असं चाललेलं असते. आमच्यात तसं नाही. पहिल्या दिवशी तुमी आमच्या दारात आल्या, पिशवी घेऊन, पांढरं लुगडं नेसून, आन् माह्या सासूनं चुलीपुढून उठता उठता विचारलं, 'काहून आली वो?' — तुमचं तोंड एवढंसं झालं, मी पाहिलं ना. अवो, ते आमचं 'या, बसा' हाये! राग असता तं गंगूबाई बोललीच नसती. रागात माही सासू तोंडाले कुलूप लावते, आन् मंग आमी सारे सणासारखे खुशीत राहतो — हसल्या! पाहा, हसल्या तुमी. माहं माहेर अकोल्याचं, जठारपेठेत बाप फुलं विकते, गुजराथी, मारवाडी, पुण्याकडचे बदलून आलेले साहेब, सारे हारासाठी येतात, म्हणून मले गोड बोली समजते. इथं नवी आली तवा मलेबी रडू येत होतं. आता मीच दारात कोणी आलं का म्हणते, काहून आली?

ते नाही म्हणता? मंग ओटीचंच हाये. मले माहीत होतं. येते, ओटीवर येते मी, पण पहिले हे ऐका, कारण हे तुमाले कोणी सांगतलं नसंन. तुमाले वाटत असंन का सरकारनं नकाशावर बोट ठेवलं आन् तुमाले इथं पाठवून देलं. तसं नाही वो. तुमाले मागता मागता आमचं राज्य बदललं! आमच्या गावात केशरबाई होती दाई — होती मंजे हाये, ललिताची सासू, आता डोळ्यानं दिसत नाही तिले. गावातला कोणताबी बाप्या उभा करा, नाळ तिनं कापली. आमच्या घरच्याचीबी तिनंच. आन् त्याच्या बदल्यात तिले काय? सुगीले खळ्यावर जाऊन उभं राहाचं, मंग पायली-दोन पायली ज्वारी भेटन, आन् बाळंतपणाचं एक लुगडं, तेबी कोणाचं नेसून नेसून विरलेलं. मंग छप्पन साली तिच्या लोकाईनं दीक्षा घेतली आन् केशरबाईनं सांगून टाकलं — हात पसरून घेणं बंद. बाळंतपण कराचं असंन तं पगार द्या, नाही तं सरकारची बाई आणा. म्हाताऱ्याईले लय राग आला. मी तवा नवी नवरी, मले काही समजे ना. अडल्या बाईसाठी ती धावून यायची, नाही असं नाही, पण ते तिच्या मर्जीनं. हक्कानं कोणी बोलावणं धाडाचं नाही.

मंग अर्ज गेला. कुठं? जनपदात, तवाच्या तालुक्याच्या सभेत. जनपदवाले म्हणे, नागपूरले विचारतो. नागपूर म्हणे, आमच्याकडे आता काय हाये, राजधानी मुंबईले गेली. मुंबईले धाडला तं मुंबई म्हणे, थांबा जरा, गुजरात वेगळं होऊन राहिलं. झालं वेगळं. महाराष्ट्र झाला, शाळेत पेढे वाटले, मी पण खाल्ला. मंग म्हणे आता जनपदच राहात नाही, नवा कायदा येऊन राहिला, जिल्ह्याले परिषद होईन, तालुक्याले समिती होईन, जे मागाचं ते तालुक्यालेच मागा. तवापर्यंत ज्या बाईसाठी पयला अर्ज केला होता तिचं पोरगं शाळेत जाऊन मार खाऊन राहिलं होतं! — खरंच सांगते. आन् मंग निवडणूक आली, दोन जागा बायाईच्या, आन् साऱ्या गावात सातवी पास दोघीच, मी आन् ललिता. आमाले कोणी विचारलंबी नाही. माह्या नवऱ्यानं घरी येऊन सांगतलं, तू मेंबर झाली, चहा ठेव.

पहिल्याच सभेत माणसाईनं ठरवून ठेवलं होतं का समितीकडे सरकारी वळू मागाचा. गाईची जात सुधारते म्हणे. समितीचे सभापती उत्तमराव स्वतः आलते, मिशीले तेल लावून. ललिता माह्याकडे पाहे, मी ललिताकडे. पण ललिता उभी राहिली आन् म्हणे, 'सभापती साहेब, गाईची सोय झाली, आनंद हाये. आता बायाईची सांगा.' उत्तमराव मिशीवर हात फिरवत राहिले, आन् म्हणे, बरं, यंदा नर्स, वळू पुढच्या साली. अशा आल्या तुमी. म्हणून सांगते, तुमी गेल्या तं माणसं एक दिवस हळहळतीन आन् दुसऱ्या दिवशी वळूचा ठराव करतीन. तुमच्या त्या क्वार्टरात, जिथं तुमी पडदे लावले, तुळस लावली, तिथं वळू बांधतीन वो! शकुन, ते तोंडात नको घालू, थुंक — थुंक म्हणते ना. काय होतं? बोर होतं? कच्चं बोर खाल्लं तं चालते का बाई? खोकला तं नाही होणार?

आता ओटी. तुमी दसऱ्याले आल्या, आन् दिवाळी झाली का जमुना अडली. पोरगं पायाळू. साऱ्या बायाईनं हात टेकले होते, आन् तुमी दोन्ही जीव वाचवले. ते गाव विसरलं असं समजू नका. बारशाच्या दिवशी माणिकबाईनं — जमुनाची सासू, हातात कथलाचा वाळा सोडून त्या बाईकडे दागिना नाही — तिनं तुमच्यासाठी हिरवं लुगडं आणलं. नवं. घडी न मोडलेलं. पाटावर बसवलं तुमाले, कुंकू लावलं, आन् म्हणे पदर पसरा. आन् तुमी हात मागं घेतले आन् म्हणल्या, 'मला सरकारचा पगार मिळतो, मला हे घेता येणार नाही.' नारळ माणिकबाईच्या हातातून सुटला आन् गडगडत पाळण्याखाली गेला. तुमी नियमानं बोलल्या, गोड बोलल्या, पण आमच्यात कसं हाये, जिनं नाळ कापली तिनं ओटी घेतली का बाळंतपण फिटलं. ओटी परत गेली मंजे देणं राहिलं, आन् ते राहिलं लेकराच्या अंगावर. आन् नेमकं त्याच हप्त्यात पोरगं रडाले लागलं. दिवे लागले का सुरू, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. आता तुमीच सांगा, गावानं काय समजावं?

हो हो, तुमी सांगतलं होतं का असं पोट दुखते लहान लेकराचं, तीन महिन्यानं आपोआप थांबते. मले सांगतलं होतं. मी माणिकबाईले सांगतलं. माणिकबाई म्हणे, थांबन तवा थांबन, आता तं रडून राहिलं ना. आन् बाया भेल्या. बाया वाईट नाहीत वो बाई, भेल्या त्या. तुमी दारोदार जाऊन विचारत होत्या, कोणाले काही त्रास, कोणाले दिवस गेले — आन् ज्या त्या दारात एकच, 'सारं बरं हाये.' शेषरावची सून पोट एवढं पुढं घेऊन उभी आन् म्हणे, सारं बरं हाये! तुमाले वाटलं असंन, गावाले मी नको. मले सांगा, वाटलं ना? — नका डोळे पुसू तिकडे तोंड करून. इथं कोण हाये, मी आन् शकुन.

मी केशरबाईकडे गेली. म्हणलं मावशी, तुमचं तं गाव ऐकते, तुमी त्या बाईले समजावा, घेऊन टाक म्हणा ओटी, तिचं काय जाते. तं म्हातारी मलेच म्हणे, 'वच्छला, जे आमी पदरातून झटकलं, ते तिच्या पदरात टाकाले मलेच सांगते का तू? पगाराची बाई हाये ती. तिनं हात मागं घेतला, ऐकून मले लय बरं वाटलं.' मी म्हणलं, मावशी, हे तं नवं लुगडं हाये, मानाचं हाये. तं म्हणे, 'मानाचं होतं तं माह्या वाट्याले जुनं काहून आलं?' मी तिथं बसली, चहा घेतला, आन् कप धुऊन ठेवला. घरी येऊन मले वाटलं का दोघीबी खऱ्या हायेत. केशरबाईबी खरी, माणिकबाईबी खरी. आन् मधात ते पोरगं रडून राहिलं.

मंग मी आन् ललिता गेलो समितीच्या हापिसात. बीडीओ साहेब पुण्याकडचे, चष्म्याचे, लय सज्जन माणूस, बायाईसाठी खुर्च्या मागवल्या. म्हणलं, साहेब, नर्सबाईनं ओटी घेतली तं चालते का? ते म्हणे, नियमात तशी तरतूद नाही. ललिता म्हणे, मनाई हाये का? पुस्तक पाहिलं. म्हणे, मनाईही नाही. म्हणलं मंग? म्हणे, मंग वर विचारावं लागेल. विचारलं वर. वरून उलटा सवाल आला, ओटी मंजे काय? ग्रामसेवक आला सायकलवर, घामेघूम, म्हणे वच्छलाबाई, साहेब विचारून राहिले का ओटी रोख असते का वस्तू, आन् ती कामाच्या आधी देतात का नंतर, आन् देणाऱ्याची त्यात अपेक्षा काय असते. मी म्हणलं, अपेक्षा एवढीच का लेकरू निजावं! असं ल्याहा म्हणलं. त्यानं लिहिलं का नाही, देव जाणे. मंग पुन्हा हप्ता-दोन हप्ते काही नाही, आन् मंग उत्तर आलं — कर्मचाऱ्यानं स्वतः काही घेऊ नये, कोणी आग्रहानं देलंच तं ते कार्यालयात जमा करावं.

आता हे मी पंचायतीच्या ओट्यावर साऱ्याईले सांगत होती, आन् माणिकबाई खांबाशी बसून ऐकून राहिली होती. ती म्हणे, 'कार्यालय मंजे कोण?' मी हसत म्हणलं, कार्यालय मंजे सभापती, दुसरं कोण, सारं त्याचंच तं हाये. हसत म्हणलं वो मी! मले काय माहीत. परवाच्या बाजारी माणिकबाईनं जमुनाले घेतलं, पोराले घेतलं, ते हिरवं लुगडं, नवा नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाचा करंडा, आन् मोटारीत बसून समितीच्या हापिसात. मले मोटार निघाल्यावर समजलं. ललिताच्या नवऱ्याची सायकल काढली आमी, मी मागं बसली, ललिता चालवत — हो, चालवते ती, शिकली. पोहोचतो तं आत सभा चालू. सभापती, बीडीओ साहेब, चार-सहा मेंबर, आन् मधात माणिकबाई उभी. म्हणे, 'सभापती कोण?' उत्तमराव म्हणे, मी. 'उठा मंग.' ते उठले. त्याईले वाटलं हार घालाले आली कोणी, मान थोडी खालीबी केली. तं माणिकबाई म्हणे, 'उपरणं पसरा.'

आन् पसरलं वो त्याईनं! का पसरलं ते त्याईलेबी माहीत नाही. म्हातारी बाई जोरानं बोलली का माणसाचे हात आपोआप उठतात, लहानपणची सवय. माणिकबाईनं कपाळाले हळद लावली, कुंकू लावलं — मिशीवर सांडलं थोडं — ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, लुगडं ठेवलं, वर चोळीचा खण, आन् म्हणे, 'सरकारच्या बाईनं माही सून सोडवली. सरकारनं ओटी घेतली. आता आमचं काही देणं नाही.' आन् पोरगं देलं त्याच्या मांडीवर. पोरगं सभापतीकडे पाहे, सभापती पोराकडे. बीडीओ साहेब खिडकीतून बाहेर पाहून राहिले, खांदे हालत होते त्याईचे. आन् पोरानं जे कराचं ते केलं. धोतर सारं ओलं. उत्तमराव ओटी सांभाळू का धोतर सांभाळू, दोन्ही हात गुंतलेले, आन् म्हणे, 'अवो, घ्या वो याले कोणीतरी!' शिपाई तं दाराआड जाऊन बसला हसाले. मी म्हणलं आता आपली मेंबरकी गेली. पण नाही. उत्तमराव लय मोठा माणूस निघाला. पोर परत देलं, ओटी टेबलावर नीट ठेवली, माणिकबाईले वाकून नमस्कार केला आन् म्हणे, 'माय, पोचली.' एवढंच. मंग बीडीओ साहेबाले म्हणे, जमा करून घ्या. ते लुगडं आता हापिसाच्या कपाटात हाये, फायलीवर. नारळाचं मात्र विचारू नका, नारळ शिपायानं त्याच सांजी फोडला.

आन् बाई, ऐका — पोरगं मोटारीत निजलं ते घर येईपर्यंत उठलं नाही, आन् तवापासून रडणं बंद! आता हसू नका. तीन महिने भरले असतीन, थांबलं असंन आपोआप, तुमचंच खरं असंन. पण गावाले कोण सांगन? आन् सांगाचं तरी काहून? काल विहिरीवर शेषरावची सून स्वतः म्हणे, मले कळा सुरू झाल्या का परुळेकरबाईलेच बोलवा, ओटीचं पाहाले सभापती हाये. सभापती हाये, असं म्हणे ती! म्हणून धावली मी. तुमी क्वार्टरात दार लावून बसल्या, तुमाले हे कोणी सांगतलंच नाही, आन् आज सारं सुरळीत झालं तं तुमी फाट्यावर. केशरबाईलेबी पटलं. तुमचा पदर रिकामा राहिला, आन् माणिकबाईची ओटीबी पोचली. म्हणे, सरकारनं पहिल्यांदा काही घेतलं ते नीट घेतलं.

तं आता जाऊ नका ना. बोला ना काही. हे पाहा, मी मेंबर म्हणून सांगते, गावाच्या भल्यासाठी सांगते, माहं काही नाही त्याच्यात. उन्हाळ्यात एकवेळ चालून जाईन, पण पावसाळ्यात ह्या काळ्या मातीची वाट तुमी पाहिली नाही अजून. बैलगाडी आखापर्यंत रुतते, बैल गुडघ्यावर बसतात. दवाखान्याले दर्यापूर जवळ हाये म्हणतात, हाये ना जवळ, पण श्रावणात ते जवळ राहात नाही. श्रावणात तुमी नसल्या तं मी काय करू, कोणाकडे पाहू — मंजे बाया. गावातल्या बाया काय करतीन, असं म्हणून राहिली मी.

असं काहून पाहून राहिल्या?

नाही वो. श्रावण सहज म्हणलं. आता माघ हाये, मंग श्रावण येईनच ना, त्याच्यात काय — बोटं काहून मोजून राहिल्या तुमी? नका मोजू. बरं. हो. हो, तसंच. कोणाले सांगतलं नाही, आमच्या घरीबी नाही, सासूले तं नाहीच. कारण मंग सारे खूश होतीन, आन् ते खूश झाले का मले भेव वाटते. शकुनच्या आधी एक होता. श्रावणच होता. केशरबाईले दिसत नव्हतं तवा, ती म्हणे माह्यानं होत नाही, दर्यापूरले न्या. गाडी निघाली. अर्ध्यात रुतली. बाप्ये चाकाले खांदा लावून राहिले होते आन् मी गाडीत. तो रडलाबी नव्हता वो. मी किती वाट पाहिली का आता रडन. म्हणून ते जमुनाचं पोरगं रडत होतं ना, साऱ्या गावाले त्रास व्हायचा, आन् मी माह्या अंगणात उभी राहून ऐकत राहायची. हे मी कोणाले सांगतलं नाही. आता काहून सांगतलं काय माहीत. मी तं वळूचं सांगाले आली होती.

नाही, रडून नाही राहिली, धूळ गेली. शकुन, काही नाही झालं मायले, खेळ तू.

काय? हो, मळमळते. सकाळी. नाही, भोवळ नाही येत. एकदाच आली. दोनदा. डोळा काहून ओढता — पांढरा हाये? मंजे कसा पांढरा? ते वाईट असते का? खाते ना, भाकर खाते, वांगं खाते. दुसरं? दुसरं काही नाही. थोडी माती. अवो थोडी, भिंतीची, पांढरी, पोतारा करतो ना ती, वास लय चांगला येते — अवो! अवो, रागावता काहून एवढ्या! इतका मोठा आवाज हाये तुमचा! आजपर्यंत 'कृपा करून' आन् 'जरा' ह्याच्या वर कधी गेल्या नाही तुमी — नाही, रागवा. रागवा म्हणते. बरं वाटून राहिलं. सारं गाव म्हणते का त्या बाईले रागावताच येत नाही, तिचं कोण ऐकन. बरं, नाही खाणार. शकुनची आण — बरं, आण नाही, तशीच नाही खाणार.

ते पाहा, आली मोटार. धूळ दिसून राहिली. उठता का? बसल्याच? मनगट सोडा मंग माहं — नाही सोडत? मोजून राहिल्या? मी नाही बोलत. मी चूप. — अहो कंडक्टरभाऊ, थांबवू नका, जाऊ द्या! कोणी नाही अमरावतीचं. ट्रंक? ट्रंक बसाले आणली आमी. हे बाई? ह्या बाईले इथं काम हाये, सरकारी काम, दिसत नाही का तुमाले? नाही म्हणलं ना, कितीदा विचारता, मागं गाड्या खोळंबल्या. मारा घंटी. हाँ, जा, जा आता —

गेली. पाहा, गेली. आता ट्रंक मी धरते एका कडेनं, तुमी — नाही? जड नाही उचलाचं? बरं, कोणी गडी येईन. पिशवी काहून उघडता? ते काय, काचेचं? ताप पाहाचं? मले तं ताप नाही वो, मी तं शकुनचं म्हणत होती, माहे हातच — आता? इथं रस्त्यावर? जिभेखाली? आन् बोलाचं नाही? किती वेळ? अवो पण शेषरावच्या सुनेचं एक सांगाचं राहिलंच, तिची सासू म्हणे का — बरं. बरं वो. आ —